घरगुती बिअरची किण्वनपेटी : तापमान हवेचे नव्हे, बिअरचे सांभाळायचे असते

अमेरिकेत घरी बिअर तयार करणाऱ्या मराठी मंडळींकडून, विशेषतः जून ते सप्टेंबर या काळात, एक तक्रार हमखास ऐकू येते. माल्ट तेच, हॉप्स तेच, यीस्टचे पाकीटही त्याच कंपनीचे. तरीही एप्रिलमध्ये केलेली बिअर पाहुण्यांनी मागून घेतली आणि जुलैमध्ये केलेल्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा वास आला, शिवाय घोट घेतला की घशाशी उष्ण, तिखट अशी चव राहिली. कृतीत काहीही बदल झालेला नसतो. बदललेले असते ते यीस्ट काम करत असतानाचे तापमान.

यावरचा उपाय ‘फर्मेंटेशन चेंबर’ या नावाने ओळखला जातो. या लेखात आपण त्याला किण्वनपेटी म्हणू. नाव ऐकून प्रयोगशाळेतले महागडे यंत्र डोळ्यांपुढे येते, पण प्रत्यक्षात ती असते एक जुना फ्रीझर, एक तापमान नियंत्रक आणि एक लहानसा हीटर यांची जोडणी. सगळे सामान हाताशी असेल तर ती एका दुपारीत उभी राहते. मात्र पेटीत तापमान नेमके कशाचे मोजायचे आणि का, हे समजून घेतले नाही, तर चांगली पेटी बांधूनही बिअर बिघडू शकते. म्हणून आधी त्या ‘का’कडे पाहू आणि मग बांधणीकडे वळू.

यीस्ट काय करते?

मोड आणून वाळवलेले बार्लीचे दाणे, म्हणजे माल्ट, भरडून गरम पाण्यात ठेवले की त्यातील पिठुळ भागाची साखर होते. हे गोड पाणी गाळून घेतात, त्याला वर्ट म्हणतात. वर्ट हॉप्ससह, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या एका वेलीच्या फुलांसह, उकळून थंड केले की त्यात यीस्ट घालतात. यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर खाते, तिच्यापासून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार करते, आणि या प्रक्रियेलाच किण्वन म्हणतात. ज्या बंद भांड्यात हे घडते तो फर्मेंटर. त्याच्या झाकणावर वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी एक लहान नळी बसवलेली असते, तिला एअरलॉक म्हणतात.

अल्कोहोल आणि वायू ही यीस्टची मुख्य उत्पादने झाली. बिअरचा स्वाद मात्र बऱ्याच अंशी यीस्टने अत्यल्प प्रमाणात तयार केलेल्या इतर संयुगांवर ठरतो. फळांसारखा वास देणारी एस्टर ही संयुगे त्यांपैकीच. पिकलेल्या केळ्याचा वास आयसोअमाइल अॅसिटेट नावाच्या एस्टरचा असतो. घशाशी उष्ण वाटणारी चव ही जड अल्कोहोलांची, ज्यांना फ्यूझेल अल्कोहोल म्हणतात. लोण्यासारखा वास डायअसिटिलचा आणि कच्च्या सफरचंदासारखा अॅसिटाल्डिहाइडचा. तापमान चढले की यीस्ट झपाट्याने वाढते आणि एस्टर व फ्यूझेल अल्कोहोल या दोहोंचे प्रमाण वाढते. तापमान फार उतरले, तर यीस्ट मंदावते, काम अर्धवट टाकून तळाशी बसते आणि बिअरमध्ये न खाल्लेली साखर मागे राहते.

प्रत्येक यीस्टला मानवणारे तापमान वेगळे असते. एल प्रकारच्या बिअरचे यीस्ट, जे पावाच्या यीस्टच्याच जातीचे आहे, बहुधा १८ ते २० अंश सेल्सिअसला स्वच्छ काम करते. अमेरिकी मोजमापात हे साधारण ६४ ते ६८ अंश फॅरनहाइट होते. लागर प्रकारचे यीस्ट ९ ते १२ अंशांनाही काम करते. हे दुसरे यीस्ट संकरित आहे : त्याचा एक पूर्वज एलचेच यीस्ट, आणि थंडी सोसणारा दुसरा पूर्वज २०११ मध्ये दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाच्या जंगलांतून नोंदवला गेला.

या सर्वांत निर्णायक काळ असतो तो यीस्ट घातल्यानंतरचे पहिले तीन दिवस. यीस्टच्या पेशींची संख्या त्याच काळात वाढते आणि नको असलेली बहुतेक संयुगे त्या वाढीबरोबरच तयार होतात. पुढच्या आठवड्यात तापमान दोन-तीन अंशांनी वाढले तर सहसा बिघडत नाही, उलट फायदाच होतो. पहिल्या तीन दिवसांत जे एस्टर आणि फ्यूझेल तयार झाले, ते मात्र नंतर कितीही थंड केले तरी बाहेर काढता येत नाहीत. माझ्या मते नव्याने बिअर करू लागलेल्या माणसाने दुर्मीळ हॉप्सवर पैसे खर्च करण्याआधी हे तीन दिवस सांभाळण्याची सोय करावी.

बिअर स्वतःच तापते

आता या विषयातील सर्वाधिक दुर्लक्षित गोष्ट. किण्वन ही उष्णता निर्माण करणारी प्रक्रिया आहे. खोलीतील तापमापकावर १९ अंश दिसत असतील, तर फर्मेंटरमध्येही १९ अंशच असतील असे आपण गृहीत धरतो, आणि चूक तिथेच होते.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. घरगुती बिअरची नेहमीची खेप पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटरची असते. मध्यम ताकदीच्या वर्टमध्ये माल्टपासून आलेले सुमारे अडीच किलो घन पदार्थ विरघळलेले असतात आणि त्यांपैकी जवळजवळ दीड किलो यीस्ट खाऊन टाकते. एक किलो साखरेच्या किण्वनातून साधारण ५९० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते, म्हणजे सगळी मिळून ९०० किलोज्यूलच्या आसपास. एवढे वर्ट एका अंशाने तापवायला अंदाजे ८० किलोज्यूल लागतात. याचा अर्थ असा की फर्मेंटरमधून उष्णता अजिबात बाहेर पडली नाही, तर बिअर आपोआप ११ अंशांनी तापेल.

प्रत्यक्षात उष्णता भांड्याच्या भिंतीतून बाहेर झिरपत राहते. तीन दिवसांची सरासरी काढली तर यीस्ट तीन-चार वॅट उष्णता देते, आणि किण्वन जोरात असताना ती आठ-दहा वॅटपर्यंत जाते. आकडा क्षुल्लक वाटेल. पण स्थिर हवेत ठेवलेले एवढ्या आकाराचे भांडे दर अंशाच्या फरकामागे दोन-अडीच वॅटच बाहेर टाकू शकते. त्यामुळे किण्वनाच्या भरात बिअर खोलीपेक्षा तीन ते पाच अंशांनी गरम असते. खोली २२ अंशांवर असेल तर यीस्ट प्रत्यक्षात २६ अंशांवर काम करत असते. जुलैमधल्या केळ्याच्या वासाचा उलगडा इथे होतो.

फ्रीझर नव्हते तेव्हा

ही अडचण जुनी आहे. बव्हेरियाचा ड्यूक अल्ब्रेख्ट पाचवा याने १५५३ मध्ये २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर तयार करण्यास मनाई केली, कारण उन्हाळ्यातली बिअर बिघडत असे. तेथील मद्यकारांनी खोल तळघरे खणली आणि हिवाळ्यात तळ्यांवरचा बर्फ कापून त्यांत साठवला. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांनी शीतकरण यंत्र विकसित केले ते म्युनिकमधील श्पाटेन या मद्यशाळेच्या साहाय्याने, आणि तेव्हापासून ऋतूचे बंधन सुटत गेले. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी लागर यीस्टची एकाच पेशीपासून वाढवलेली शुद्ध जात वेगळी केली. भारतात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात कसौलीसारख्या थंड डोंगराळ ठिकाणी मद्यशाळा उभारल्या, त्यामागे गार हवा आणि झऱ्याचे पाणी हीच कारणे होती.

पेटीचे भाग

पहिला भाग म्हणजे उष्णतारोधक खोके. त्यासाठी वरून झाकण उघडणारा आडवा फ्रीझर, म्हणजे चेस्ट फ्रीझर, किंवा जुना उभा फ्रिज वापरतात. सात घनफुटांचा, म्हणजे सुमारे २०० लिटरचा चेस्ट फ्रीझर घरगुती कामाला पुरतो. विकत घेण्याआधी फर्मेंटरची उंची एअरलॉकसह मोजावी, आणि फ्रीझरच्या तळाशी कॉम्प्रेसरसाठी जो उंचवटा असतो त्याच्या बाजूला किती सपाट जागा उरते तेही पाहावे. चेस्ट फ्रीझरमध्ये भरलेला फर्मेंटर, म्हणजे वीस-बावीस किलोंचे ओझे, वाकून उतरवावे आणि उचलावे लागते. पाठीचा त्रास असणाऱ्यांनी निःसंकोच उभा फ्रिज निवडावा.

दुसरा भाग कंट्रोलर, म्हणजे तापमान नियंत्रक. फ्रीझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट उणे १८ अंशांच्या आसपास राखण्यासाठी बनवलेला असतो. अधिक १८ त्याच्या कक्षेतच नसते. म्हणून फ्रीझरची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये न लावता कंट्रोलरमध्ये लावतात. बाजारात मिळणाऱ्या इंकबर्ड कंपनीच्या आयटीसी-३०८ सारख्या कंट्रोलरला दोन सॉकेट असतात, एक थंड करणाऱ्या उपकरणासाठी आणि दुसरे गरम करणाऱ्यासाठी, आणि एक लांब वायरचा सेन्सर असतो. सेन्सरने ठरलेल्यापेक्षा जास्त तापमान दाखवले की कंट्रोलर फ्रीझरला वीज देतो, कमी दाखवले की हीटरला देतो, आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही बंद ठेवतो. फ्रीझरची स्वतःची कळ सर्वांत थंडवर फिरवून ठेवावी, म्हणजे वीज मिळाल्यावर तो बिनतक्रार चालू होईल. इलेक्ट्रॉनिक पॅनेल असलेले काही फ्रिज वीज जाऊन परत आली की आपोआप सुरू होत नाहीत. जुना फ्रिज घेताना प्लग काढून, काही मिनिटांनी पुन्हा लावून ही चाचणी तिथेच करावी.

तिसरा भाग हीटर, चौथा एक लहान पंखा. त्यांच्याकडे पुढे येऊ.

सेन्सर कुठे लावायचा?

पेटी बांधणाऱ्यांपैकी बरेच जण सेन्सर पेटीच्या हवेत लोंबकळत सोडतात. पेटीच्या आत तापमान मोजायचे म्हणजे आतल्या हवेचेच, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वर केलेला हिशेब लक्षात घेतला तर त्यातला धोका कळतो. हवा १८ अंशांवर काटेकोर राखली, तरी किण्वनाच्या भरात बिअर २१-२२ अंशांवर जाईल आणि कंट्रोलरला त्याचा पत्ताही लागणार नाही. शिवाय हवा झटपट गार होते आणि झटपट तापते, त्यामुळे कॉम्प्रेसर दर काही मिनिटांनी चालू-बंद होत राहतो आणि लवकर झिजतो.

सेन्सर फर्मेंटरच्या बाहेरच्या भिंतीवर, आतल्या द्रवाच्या पातळीच्या बऱ्यापैकी खाली, घट्ट चिकटवावा. एवढ्याने भागत नाही : त्यावर फोमचा जाड तुकडा किंवा बुडबुड्यांच्या प्लास्टिकच्या तीन-चार घड्या दाबून पट्टीने बांधाव्यात, म्हणजे त्याची एक बाजू बिअरकडे राहील आणि दुसऱ्या बाजूने हवा लागणार नाही. किण्वन चालू असताना वायूच्या बुडबुड्यांमुळे आतला द्रव सतत ढवळला जातो, म्हणून भिंतीपाशी मोजलेले तापमान आणि मधले तापमान यांत फारसा फरक राहत नाही. ज्यांना याहून अचूकता हवी असेल त्यांनी थर्मोवेल वापरावे. ही एका टोकाला बंद असलेली स्टीलची नळी झाकणातून थेट बिअरमध्ये उतरते आणि तिच्यात सेन्सर सरकवता येतो.

सेन्सर वापरण्याआधी बर्फाचे तुकडे भरपूर घातलेल्या पाण्यात ढवळून पाहावा. तिथे शून्य अंश दिसायला हवेत. फरक असेल तर बहुतेक कंट्रोलरमध्ये तो दुरुस्त करण्याची सोय असते. आणि एक खबरदारी : सेन्सर निसटून पेटीबाहेरच्या गरम हवेत पडला, तर कंट्रोलर फ्रीझर अखंड चालू ठेवेल आणि पाच टक्क्यांची बिअर उणे दोन अंशांच्या सुमारास गोठू लागेल. फर्मेंटर धुण्यासाठी बाहेर काढताना आधी कंट्रोलर बंद करण्याची सवय लावून घ्यावी.

फ्रीझर बंद झाल्यावरही बिअर गार का होत राहते?

नवी पेटी चालू केली की पहिल्या दिवशीच हा प्रश्न येतो. कंट्रोलर १८ अंशांवर लावलेला असतो, फ्रीझर १८ वर बंदही होतो, आणि तासाभराने पाहावे तर बिअर १६.५ अंशांवर आलेली असते. कंट्रोलर सदोष आहे असे वाटून लोक तो परत करतात.

न्हाणीघरापासून गीझर लांब असला की काय होते ते आठवावे. गरम पाण्याचा नळ सोडला तरी आधी गारच पाणी येते, म्हणून आपण नळ आणखी सोडतो, आणि मग एकदम कढत पाणी येते, कारण आपण हात लावून पाहत होतो ते पाणी आणि गीझरमधून निघालेले पाणी यांच्यात मधल्या नळीएवढे अंतर होते. पेटीतही हेच घडते. फ्रीझरची भिंत गार होते, मग हवा, मग फर्मेंटरची भिंत, आणि सर्वांत शेवटी १९ लिटर बिअर. सेन्सरला १८ अंश दिसेपर्यंत फ्रीझरच्या भिंती गोठणबिंदूपर्यंत पोहोचलेल्या असतात आणि वीज तोडल्यावरही त्यांचा गारवा बिअरमध्ये उतरत राहतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही एकत्र वापरावेत. पहिला आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे यीस्ट घालण्याआधीच वर्ट इच्छित तापमानापर्यंत थंड करणे. २६ अंशांचे वर्ट पेटीत ठेवून ती ते १८ वर आणील अशी अपेक्षा ठेवली, तर त्यात कित्येक तास जातात आणि मग ती थांबायच्या जागी थांबत नाही. दुसरा, पेटीत संगणकात असतो तसा बारा व्होल्टचा लहान पंखा सतत चालू ठेवणे. त्यामुळे भिंत, हवा आणि फर्मेंटर यांच्यातील तापमानाचा फरक कमी राहतो. तिसरा, कंट्रोलरमध्ये ‘फरका’ची योग्य नोंद करणे. इच्छित तापमानापासून किती अंश ढळल्यावर उपकरण चालू करायचे, तो हा फरक. थंड करण्यासाठी अर्धा अंश आणि गरम करण्यासाठी एक अंश ठेवला तर बहुतेक पेट्या नीट चालतात. फरक फारच कमी ठेवला, तर फ्रीझर जरा जास्त गार करतो, म्हणून हीटर चालू होतो, तो जरा जास्त तापवतो, म्हणून पुन्हा फ्रीझर, अशी दोघांची झटापट रात्रभर चालते.

कंट्रोलरमध्ये ‘कॉम्प्रेसर विलंब’ नावाची आणखी एक नोंद असते. कॉम्प्रेसर बंद झाला की त्याच्या दोन बाजूंतील वायूचा दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधी तो पुन्हा चालू केला तर मोटर दाबाविरुद्ध अडकते, तापते आणि कालांतराने जळते. हा विलंब किमान तीन मिनिटे, शक्यतो पाच मिनिटे ठेवावा. १९ लिटर बिअरचे तापमान पाच मिनिटांत नोंद घेण्याइतकेही बदलत नाही.

हीटर किती मोठा हवा?

न्यू जर्सीतल्या किंवा शिकागोतल्या गॅरेजमध्ये जानेवारीत तापमान शून्याच्या खाली जाते, तेव्हा तीच पेटी बिअर उबदार ठेवण्याचे काम करते. खोके उष्णतारोधक असल्यामुळे हीटर अगदी लहान पुरतो : बाहेरच्यापेक्षा १५ अंश जास्त राखायचे असतील, तर सात घनफुटांच्या फ्रीझरमधून जेमतेम पंधरा वॅट बाहेर झिरपतात. त्यामुळे २५ ते ४० वॅटचा, फर्मेंटरभोवती गुंडाळायचा हीटिंग पट्टा भरपूर झाला. खोली तापवण्याचा हजार वॅटचा हीटर आत कधीही ठेवू नये; फ्रीझरचे आतले अस्तर प्लास्टिकचे असते आणि ते वितळून आग लागू शकते. साधा बल्बही टाळावा, कारण काचेच्या फर्मेंटरमधील बिअरवर प्रकाश पडला की हॉप्समधील घटकांचे विघटन होऊन तिला एक उग्र, ओशट दुर्गंधी येते.

भिंतीला भोक पाडू नये

वायर आत कशी न्यायची, हा प्रश्न आला की हात ड्रिलकडे जातो. चेस्ट फ्रीझरच्या भिंतींमध्येच शीतक वायूच्या नळ्या फिरवलेल्या असतात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत. एका नळीला भोक पडले की फ्रीझर कायमचा निकामी होतो. शिवाय नव्या फ्रीझरमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो. वायर बारीक असेल तर ती झाकणाच्या रबरी पट्टीखालून नेली तरी चालते. चांगला मार्ग असा, की झाकण बिजागऱ्यांसह सोडवून काढायचे, फ्रीझरच्या कडेवर लाकडी फळ्यांची सहा-आठ इंच उंच चौकट बसवायची आणि तिच्यावर झाकण पुन्हा जोडायचे. मग हवी तेवढी भोके लाकडाला पाडता येतात, आणि पेटीची उंची वाढल्यामुळे एअरलॉकलाही जागा मिळते.

कंट्रोलर पेटीच्या बाहेर आणि जमिनीपासून उंच टांगावा. ज्या सॉकेटमधून वीज घ्यायची ते विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे, म्हणजे अमेरिकेत ज्याला जीएफसीआय म्हणतात त्या प्रकारचे असावे, कारण या पेटीत ओलावा असतोच.

‘आमचे तळघर गारच असते’

तळघर वर्षभर १४-१५ अंशांवर राहत असेल तर ते खरोखर भाग्य आहे. बिअर स्वतःच्या उष्णतेने १८ वर जाईल आणि एलसाठी पेटीची गरज पडणार नाही. पण किण्वनाचा जोर ओसरला की बिअर पुन्हा १४ वर उतरते आणि काम संपण्याआधीच यीस्ट झोपी जाते, म्हणून शेवटच्या काही दिवसांसाठी हीटिंग पट्टा जवळ असावा. बहुतेक तळघरे मात्र उन्हाळ्यात २० अंश ओलांडतात, आणि गार वाटणारी जागा यीस्टसाठी गार असेलच असे नाही.

‘फ्रीझर ठेवायला जागा नाही’

सदनिकेत राहणाऱ्यांना हा आक्षेप घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यांच्यासाठी पाच सेंटिमीटर जाडीच्या कडक फोमच्या फळ्यांची पेटी आणि दोन लिटरच्या बाटल्यांत गोठवलेले पाणी हा मार्ग आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. बाहेरच्यापेक्षा दहा अंश कमी राखायचे असतील, तर अशा पेटीला दिवसाला दोन ते तीन बाटल्या लागतात. सकाळ-संध्याकाळ त्या बदलाव्या लागतात, पण महत्त्वाचे दिवस तीनच असल्यामुळे हे ओझे पेलण्यासारखे आहे. याहून साधा उपाय म्हणजे फर्मेंटर पाण्याने भरलेल्या टबमध्ये ठेवणे. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेते, त्यामुळे बिअर पाण्यापेक्षा फारशी तापत नाही.

‘गरमी सोसणारे यीस्टच का वापरू नये?’

असे यीस्ट आहे. पश्चिम नॉर्वेतील शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वाइक यीस्ट ३० ते ४० अंशांतही चांगली बिअर देते, आणि बेल्जियममधील सेझों प्रकारचे यीस्टही तिशीपर्यंत खुशाल चालते. टेक्सासच्या उन्हाळ्यात, हाती काहीही साधन नसताना, मी हाच सल्ला देईन. पण क्वाइकला ३५ अंश हवे असतील तर २२ अंशांच्या घरात त्याला उब द्यावीच लागते, आणि पिल्सनरसारखी अतिशय स्वच्छ चवीची बिअर करायची असेल तर थंड किण्वनालाच हात घालणे मला श्रेयस्कर वाटते.

खर्चाची चिंता मात्र फार करू नये. कंट्रोलर चाळीस डॉलरच्या आसपास मिळतो, जुने फ्रीझर लोक स्वस्तात देतात, आणि विजेचे बिल फारसे वाढत नाही, कारण खोलीपेक्षा सात-आठ अंशच कमी राखताना फ्रीझरला नेहमीच्या कामाच्या एका लहान भागाइतकेच श्रम पडतात.

पेटीतला वायू आणि ओलावा

दीड किलो साखरेपासून सुमारे ४०० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे आपल्या २०० लिटरच्या फ्रीझरच्या दुप्पट. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे चेस्ट फ्रीझरच्या तळाशी साचून राहतो. झाकण उघडून लगेच आत डोके घालून वास घेऊ नये. काही मिनिटे उघडे ठेवावे, आणि पेटी जिथे ठेवली आहे ती खोली हवेशीर असावी. मुलांचे हात लागतील अशा ठिकाणी पेटी असेल तर तिला कुलूप लावावे. फर्मेंटर कधीही घट्ट बंद करू नये, आणि पहिले दोन-तीन दिवस फेस एअरलॉकमध्ये अडकत असेल तर त्याऐवजी जाड नळी लावून तिचे दुसरे टोक पाण्याच्या बरणीत बुडवावे. वायूची वाट बंद झाली तर झाकण उडते किंवा काच फुटते.

शून्याच्या वरच्या तापमानात फ्रीझरच्या भिंतींवर दव साचते आणि काही आठवड्यांत बुरशी धरते. ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे आत ठेवावेत आणि दोन खेपांच्या मध्ये पेटी पुसून, झाकण उघडे ठेवून वाळवावी.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत घरी बिअर करण्याला संघराज्याच्या पातळीवर मुभा मिळाली ती अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये स्वाक्षरी केलेल्या कायद्याने. एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन, ही मर्यादा आहे. बिअर विकता येत नाही, आणि तिचे ऊर्ध्वपातन करून दारू काढणे हा वेगळा गुन्हा आहे. राज्यांचे नियम याशिवाय असतात. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी २०१३ मध्ये कुठे परवानगी दिली. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, म्हणून तेथील वाचकांनी ही पेटी बिअरसाठी बांधू नये. पुण्यात २००९ पासून परवानाधारक मायक्रोब्रुअरी आहेत. अशा ठिकाणच्या टाक्यांभोवती थंड द्रव फिरवलेला असतो आणि सेन्सर टाकीतील बिअरचे तापमान मोजतो. तत्त्व आपल्या पेटीचेच आहे.

एका खेपेचे वेळापत्रक

एलसाठी वर्ट १७ अंशांपर्यंत थंड करून यीस्ट घालावे आणि कंट्रोलर १८ वर लावावा. तीन दिवस त्याला हात लावू नये. चौथ्या दिवसापासून रोज एक अंश वाढवत २१ वर न्यावे, म्हणजे यीस्ट उरलेली साखर आणि आधी तयार झालेले डायअसिटिल दोन्ही संपवते. साखर संपत जाते तशी बिअरची घनता उतरते; दोन-तीन दिवसांच्या अंतराने केलेल्या दोन मोजणींत ती तीच आली की किण्वन पूर्ण झाले असे समजावे. एअरलॉकमधील बुडबुडे थांबणे हा पुरेसा पुरावा नाही.

लागरला धीर अधिक लागतो. १० अंशांवर सुरुवात करून साखर तीन-चतुर्थांश संपेपर्यंत, म्हणजे आठवडाभर किंवा अधिक, तिथेच ठेवावे. मग १६ ते १८ अंशांवर दोन-तीन दिवस न्यावे आणि त्यानंतर दिवसाला एक-दोन अंश उतरवत एक-दोन अंशांपर्यंत आणून काही आठवडे मुरू द्यावे. लागरसाठी यीस्टही एलच्या जवळजवळ दुप्पट घालावे लागते, कारण थंडीत पेशी संथपणे वाढतात.

दोन्ही प्रकारांत शेवटी बिअर गार केली की गाळ तळाशी बसतो आणि ती नितळ होते. या वेळी फर्मेंटरमधला वायू आक्रसतो आणि एअरलॉकमधील पाणी किंवा बाहेरची हवा आत ओढली जाते. तयार बिअरला प्राणवायू लागला तर काही दिवसांतच तिला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. म्हणून गार करण्याआधी एअरलॉक काढून तिथे किण्वनाच्या काळात वायूने भरून ठेवलेला फुगा किंवा पिशवी जोडावी, म्हणजे आत जाईल तो कार्बन डायऑक्साइडच असेल.